तोल सांभाळतो कोण?

दोन चाकं शेजारी शेजारी, त्यांच्यामध्ये पाय ठेवण्यापुरती फळी आणि फळीतून वर आलेला एक दांडा. पुढे चाक नाही, मागे नाही, स्टँडही नाही. अशा गाडीवर उभा राहून कुणी समोरून सुळकन निघून गेला की बघणाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न हमखास येतो, ‘अरे, हा तोंडावर पडत कसा नाही?’ थोड्या वेळानं दुसरा प्रश्न सुचतो, ‘आणि याला ब्रेक कुठंय?’

या प्रकरणात या दोनच प्रश्नांमागे जायचं आहे. दुसऱ्याचं उत्तर आधीच सांगून टाकतो. ब्रेक नाही. हातात नाही, पायातही नाही. पहिल्याचं उत्तर मात्र लोकांना वाटतं त्याहून निराळं आहे, आणि ते नीट कळण्यासाठी आधी आपल्या रोजच्या स्कूटरकडे बघायला हवं.

१. साताऱ्याची प्रिया

साताऱ्याच्या एमआयडीसीत ‘महाराष्ट्र स्कूटर्स’चा कारखाना होता. बजाज ऑटो आणि राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ मध्ये ही कंपनी काढली. तिथून निघणारी स्कूटर म्हणजे प्रिया. स्कूटरसाठी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, असा तो जमाना.

प्रियाचं इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला. म्हणजे गाडी जन्मजातच एका बाजूला जड. थंडीच्या सकाळी ती रुसली की मालक तिला एका अंगावर वाकवायचा, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचू द्यायचा, पुन्हा सरळ करून किक मारायचा. अशी एका अंगानं जड गाडी पोवई नाक्यावरून सरळ रेषेत जायची ती चालवणाऱ्याच्या हातांमुळे. उजवीकडचं वजन तो नकळत डावीकडे किंचित सरकून भरून काढत असे, आणि त्याला विचारलं तर ‘मी काही करत नाही’ असंच सांगितलं असतं.

दुचाकी चालताना का पडत नाही? ‘चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून’ हे शाळेत ऐकलेलं उत्तर अर्धंमुर्धं आहे. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं सायकलला उलट्या दिशेनं फिरणारं जादा चाक लावून भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकला. सायकल तरीही चालवता आली. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आणि अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या संशोधकांनी भोवऱ्याचा परिणाम काढून टाकलेली एक सायकल बनवली. ती ढकलून सोडली की वर माणूस नसतानाही तोल सांभाळत जायची.

खरी गोम हँडलमध्ये आहे. गाडी डावीकडे कलली की पुढचं चाक डावीकडे वळतं, आणि गाडी पडणाऱ्या बाजूखाली जाऊन उभी राहते. उजवीकडे कलली की तसंच उजवीकडे. सरळ चाललेली दुचाकी खरं तर सतत पडत असते आणि सतत सावरत असते. पण सावरायला वेग लागतो. म्हणून गर्दीत गोगलगायीच्या चालीनं निघालं की हँडल डगमगतं, आणि सिग्नलला पाय खाली टेकावा लागतो.

ही सावरायची कला शिकवण्याचे एकेकाळी पैसे पडत. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात विकायचे. सायकलीला सातशे ते हजार रुपये, आणि चालवायला शिकवण्याचे वेगळे पंधरा, असा हिशेब सांगतात. पुढे याच लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी वसवली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि वाडी सांगली जिल्ह्यात. पंपांचा आणि नांगरांचा तो सारा पसारा लोकांना तोल सांभाळायला शिकवण्यापासून सुरू झाला, हे मला फार आवडतं.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की करू. साध्या दुचाकीवर तोल सांभाळतो माणूस, आणि त्याला मदत करतो वेग.

२. लाठी आणि पेन्सिल

आता एक प्रयोग. पुरुषभर उंचीची लाठी तळहातावर उभी धरा. नजर लाठीच्या टोकावर ठेवा. लाठी पुढे कलली की हात पुढे न्या, मागे कलली की मागे. दहा मिनिटांच्या सरावानं जमतं. आता तसंच बोटावर पेन्सिल उभी धरून बघा. जन्मभर सराव केलात तरी जमणार नाही.

का? पडणारी वस्तू आधी हळू पडते, मग झपाट्यानं. तिचा कल ठराविक वेळात ठराविक पटीनं वाढतो. दोन मीटरच्या लाठीचा कल सुमारे ०.३७ सेकंदात पावणेतीन पट होतो. म्हणजे आत्ता १ अंश असेल तर तेवढ्या वेळानं २.७ अंश, आणखी तेवढ्यानं सात-साडेसात आणि सव्वा सेकंदाच्या आत वीस अंश. १८ सेंटीमीटरच्या पेन्सिलीला तीच पावणेतीन पट गाठायला ०.११ सेकंद पुरतात. आणि डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला लागतो साधारण ०.२ सेकंद. लाठी आपल्याला वेळ देते, पेन्सिल देत नाही. जितकं उंच तितकं तोलायला सोपं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण आहे तसंच.

दोन शेजारच्या चाकांवर उभा असलेला माणूस म्हणजे ही लाठी, आणि चाकं म्हणजे तळहात. माणसाचा गुरुत्वमध्य चाकाच्या आसापासून साधारण मीटरभर वर धरला, तर कल पावणेतीन पट व्हायला लागतो सेकंदाचा सुमारे तिसरा भाग. गाडीतला संगणक सेकंदाला शंभरेक वेळा कल तपासतो. एका तपासणीपासून दुसरीपर्यंत १ अंशाचा कल फार तर १.०३ अंश होतो. तेवढ्यात चाकं किंचित पुढे सरकतात आणि पुन्हा अंगाखाली येतात.

म्हणून ‘गाडी पडत कशी नाही’ याचं उत्तर असं की गाडी पडते. सेकंदाला शंभर वेळा पडायला लागते आणि शंभर वेळा सावरली जाते. आपल्या डोळ्यांना तेवढं बारीक दिसत नाही, म्हणून ती स्थिर वाटते.

३. कललंय हे कळतं कसं?

इथं बहुतेक जण जायरोस्कोपचं नाव घेतात आणि गाडीच्या पोटात मोठा भोवरा गरगरत असून तोच तिला उभा धरतो, अशी कल्पना करतात. सुरुवातीला जिचं वर्णन केलं त्या गाडीत, म्हणजे सेगवेमध्ये, असं काही नाही. तिच्यात जायरोस्कोप आहेत, पण ते कुणालाही धरत नाहीत, फक्त मोजतात. आकारानं ते बोटाच्या पेरावर मावतील एवढे. आत सिलिकॉनची एक सूक्ष्म कडी सतत थरथरत असते. गाडी वळली की थरथरण्याची दिशा जराशी सरकते, आणि त्या सरकण्यावरून गाडी किती वेगानं कलते आहे ते कळतं. मोबाइलमध्येही याच जातीचे मापक असतात.

पण एकट्या जायरोस्कोपवर विसंबून चालत नाही. समजा त्याच्या मापात सेकंदाला ०.१ अंशाची चूक आहे. नगण्य वाटते. पण तो कल सांगतो बेरीज करत करत, त्यामुळे मिनिटाभरात ती चूक ६ अंश होते, आणि सरळ उभ्या माणसाला गाडी ‘कललेला’ समजते. म्हणून जोडीला दुसरा मापक असतो. खाली कोणती दिशा, म्हणजे गुरुत्वाकर्षण कुठे, हे त्याला थेट कळतं. त्याची खोड वेगळी: धक्का बसला, गाडी एकदम निघाली की तो गोंधळतो. मग संगणक क्षणापुरता जायरोस्कोपवर भरवसा ठेवतो आणि थोड्या लांब मुदतीसाठी दुसऱ्यावर. एक चपळ पण विसराळू, दुसरा मंद पण आठवणीचा पक्का. दोघांची गोळाबेरीज बरोबर येते.

सेगवेमध्ये असे जायरोस्कोप पाच होते. कामाला तीन पुरले असते. दोन बॅटऱ्या, दोन सर्किट बोर्ड आणि मोटरमध्येही तारांची दोन स्वतंत्र वेटोळी. एक बाजू निकामी झाली तर दुसरीनं गाडी सावरत थांबवावी, एवढ्यासाठी ही दुहेरी मांडणी. पाय खाली टेकायची सोय नसलेल्या गाडीत हा खर्च टाळता येत नाही.

ही सगळी जुळणी आधी झाली ती मौजेच्या गाडीसाठी नव्हे. अमेरिकेतला संशोधक डीन कामेन व्हीलचेअरवर काम करत होता. ‘आयबॉट’ नावाची त्याची खुर्ची दोन चाकांवर उभी राहून बसलेल्या माणसाला उभ्या माणसाच्या नजरेइतकं उंच करायची, आणि जिनाही चढायची. तिच्यातून सेगवे निघाली. मला विचाराल तर दोघींतली मोठी करामत ती खुर्चीच.

४. पुढे झुका, म्हणजे चला

आता ब्रेककडे येऊ. त्याआधी ॲक्सिलरेटर कुठं आहे ते बघू. तोही नाही.

तुम्ही पुढे झुकता. तुमचं वजन चाकांच्या पुढे जातं. गाडीला वाटतं तुम्ही पडताय, म्हणून ती चाकं पुढे पळवते. तुम्ही झुकलेलेच राहता, ती पळवतच राहते. किती जोरात? ५ अंश झुकलात, तर तुम्हाला त्याच कोनात धरून ठेवायला चाकांचा वेग दर सेकंदाला सुमारे ०.८६ मीटर प्रतिसेकंद एवढा वाढावा लागतो. चार सेकंदांत तो ताशी बारा किलोमीटरवर जातो. ५ अंश म्हणजे नाक पाच-सहा इंच पुढे काढणं, की झालं. थांबायचं तर उलट: मागे रेला. तुम्ही मागे पडू नये म्हणून चाकं मंदावतात. तेव्हा मोटर जनित्राचं काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. वळायचं तर एक चाक जोरात आणि एक हळू. दोन्ही उलटसुलट फिरवली की गाडी जागच्या जागी गिरकी घेते.

या सगळ्यात एक मेख आहे. मोटरची सगळी ताकद कधीच वापरायची नाही.

समजा मोटर पूर्ण जोरात आहे आणि तुम्ही आणखी पुढे झुकलात. गाडीला चाकं अजून पुढे न्यायची आहेत, पण ताकद संपली. तुम्ही तोंडावर. म्हणून सेगवेला वेगाची मर्यादा होती ताशी २० किलोमीटर, आणि मोटर त्याहून जास्त वेग काढू शकणारी. मर्यादेजवळ पोचलात की दांडा तुम्हाला हलकेच मागे ढकलतो. तुम्हाला मागे कलवायचं तर चाकांनी तुमच्या पुढे जायला हवं, म्हणजे हळू व्हायचं तर आधी क्षणभर जास्त जोरात पळायला हवं. ती शिल्लक ताकद म्हणजेच या गाडीचा खरा ब्रेक.

बॅटरी उतरली की हीच शिल्लक आटते. २००३ मध्ये तोवर विकलेल्या सुमारे सहा हजार सेगवे कंपनीनं परत बोलावल्या, त्याचं कारण हेच होतं. बॅटरी संपत आली असताना एकदम वेग घेतला किंवा चाक अडलं, तर सावरायला पुरेशी वीज मिळत नव्हती आणि माणसं पडत होती.

५. उभ्यानं जाण्याची मजा

समजणं वेगळं आणि चढणं वेगळं. सांगलीकडच्या सपाट जमिनीवर, एका हिरवळीच्या कडेला भाड्यानं मिळणाऱ्या अशा गाडीवर मी पहिला पाय ठेवला तेव्हा वरचं सगळं पाठ होतं आणि कशाचाही उपयोग झाला नाही. गाडी पुढे-मागे, पुढे-मागे करायला लागली. मी बुटातल्या बुटात पायांची बोटं आवळून धरली होती. गाडी भाड्यानं देणारा पोरगा दांडा धरून उभा होता. ‘काका, तुम्ही नका सावरू. ती सावरतीय. खाली बघू नका, तिकडं झाडाकडं बघा.’

त्या एका वाक्यात सगळा धडा होता. गाडी जराशी पुढे सरकते, नवखा घाबरून मागे रेलतो; गाडी मागे जाते, तो पुढे झुकतो. दोन सावरणारे एकमेकांच्या दुरुस्त्या दुरुस्त करत बसतात. त्यातल्या एकानं माघार घेतली की थरथर संपते, आणि माघार माणसानंच घ्यायची असते, कारण त्याला सेकंदाला शंभर वेळा कल तपासता येत नाही. मी झाडाकडे पाहिलं, गुडघे सैल केले आणि गाडी मुकाट उभी राहिली.

त्यानंतरची गंमत सांगण्यासारखी आहे. ‘तिकडं जावं’ असं मनात आलं की शरीर आपोआप तसं किंचित झुकतं, आणि गाडी निघालेली असते. क्लच नाही, गिअर नाही, मूठ पिळणं नाही. आवाज जवळपास शून्य. जमिनीपासून वीतभर उंच उभं राहिल्यामुळे कुंपणापलीकडचं दिसतं, आणि वारा थेट छातीवर येतो.

उभ्यानं वारा खाण्याची ही जागा साताऱ्या-सांगलीतल्या माझ्या वयाच्या लोकांना ओळखीची आहे. प्रियावर किंवा चेतकवर वडील चालवायला, आई मागे आडवी बसलेली आणि धाकटं पोर पुढे पायाशी उभं, हात हँडलच्या मधोमध. गाडी आपणच चालवतोय अशी त्या पोराची पक्की समजूत. उंची वाढली, वडिलांना समोरचं दिसेना, की पोराची रवानगी मागच्या सीटवर. ती जागा गेली ती गेलीच. मोठ्या माणसाला ती परत देणारं वाहन मला तरी दुसरं माहीत नाही.

त्या वयात भविष्याची स्वप्नं स्वस्त होती. ‘इसवी सन २००० मधील जग’ या निबंधात आम्ही सगळ्यांनी घरटी एक उडती मोटार वाटून टाकली होती. त्याहून जुनं स्वप्न आजीच्या गोष्टीतलं: चांगदेव वाघावर बसून आले आणि ज्ञानोबा भावंडांना घेऊन भिंतीवर बसून सामोरे गेले. भिंतीला चाक नाही, लगाम नाही, ब्रेक नाही. निघायचं मनात आलं आणि ती चालली. वाघ हाकावा लागतो, भिंत नाही. पोराला त्यातलं अध्यात्म कळत नव्हतं, पण ‘मनात आलं की चालणारं वाहन’ एवढं नेमकं कळलं होतं.

६. सपाटी, चढ आणि तीन सेंटीमीटरची कड

२००१ च्या ३ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये सेगवेचं अनावरण झालं. त्याआधी जवळपास वर्षभर अमेरिकेत अफवांना ऊत आला होता. शहरं आता या यंत्राभोवती आखली जातील, घोडागाडीचं मोटारीनं केलं तेच ही मोटारीचं करील, इथवर बोलणी गेली होती. किंमत होती पाच हजार डॉलरच्या आसपास, तेव्हाच्या दरानं सव्वादोन लाखांच्या वर. त्या पैशांत आपल्याकडे मारुती ८०० दारात उभी राहत होती. आठवड्याला दहा हजार गाड्या विकायची आशा होती. २०२० च्या जुलैत उत्पादन थांबलं तोवर एकूण विकल्या गेल्या सुमारे १ लाख ४० हजार. साडेअठरा वर्षांत वाटून बघा: दिवसाला वीस-एकवीस.

असं का झालं याचं उत्तर साताऱ्यात आणि सांगलीत हिंडलं की पायांनाच मिळतं. सांगली कृष्णाकाठची, सपाट. विश्रामबागेकडचा रुंद रस्ता या गाडीसाठीच केलाय असं वाटावं. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. वर पेठांकडे चढ आणि नाक्याकडे उतार. ८० किलोचा माणूस आणि ४० किलोची गाडी दर दहा मीटरला एक मीटर चढणारा रस्ता ताशी दहा किलोमीटरनं चढू लागली, तर नुसतं वजन वर न्यायला सव्वातीनशे वॅट लागतात. मोटरला ते जड नाही. पण चढावर खर्च झालेली ताकद सावरण्याच्या शिल्लकीतून वजा होते, आणि नेमकं तिथंच एखादा आडवा येतो.

मात्र घात करते ती कड. ड्रेनेजचं झाकण, डांबराचा उखडलेला काठ. समजा ती ३ सेंटीमीटर उंच आहे आणि चाक तिला टेकून थांबलंय. सेगवेच्या साधारण ४८ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाला ती चढायला, चाकावरच्या वजनाच्या सुमारे ५५ टक्के इतका आडवा जोर लागतो. साडेसहा इंची चाकाला तोच जोर वजनाच्या १२० टक्के लागतो. म्हणजे लहान चाक तिथं अडतंच. साध्या स्कूटरचं चाक अडलं तर गाडी थांबते. या गाडीचं अडलं तर सावरणंच थांबतं.

साडेसहा इंची चाकं असतात हॉवरबोर्डला, म्हणजे दांडा नसलेल्या त्या छोट्या फळीला. मधोमध सांधा, दोन्ही अर्धे वेगळे कलतात, डाव्या पावलाचं चाक डावं आणि उजव्याचं उजवं. अमेरिकेत शेन चेन या संशोधकानं २०१३ च्या सुमारास ती आणली आणि २०१५ मध्ये जगभर तिचं वेड पसरलं. योगायोग असा की ‘बॅक टू द फ्युचर’ मालिकेतल्या १९८९ च्या दुसऱ्या सिनेमात ज्या दिवशी उडती फळी दाखवली होती, तो दिवस होता २१ ऑक्टोबर २०१५. खरी आलेली फळी उडत नव्हती; उलट काही पेटत होत्या. २०१६ च्या जुलैत लिथियम बॅटऱ्यांच्या धोक्यामुळे अमेरिकेत पाच लाखांवर फळ्या परत बोलावल्या गेल्या. वाढदिवसाला मुलासाठी घेणार असाल तर स्वस्तातली घेऊ नका, आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

शिवाय प्रश्न होता तो जागेचा. अशी गाडी फुटपाथवर फार वेगवान आणि रस्त्यावर फार हळू. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली; तिचं देशभर कौतुक झालं आणि आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. पण ती गाडी रस्त्याच्या नियमांत बसणारी नव्हतीच. वाहन बनवणं एक आणि त्याला रस्त्यावर जागा मिळणं दुसरं. सेगवेला जागा मिळाली ती विमानतळांवर, पर्यटनस्थळी आणि पोलिसांच्या गस्तीत. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनाही समुद्रकिनाऱ्याच्या गस्तीसाठी अशा स्वतः तोल सांभाळणाऱ्या विजेच्या गाड्या मिळाल्या. लांब, सपाट, बिनकडेचा रस्ता: किनाऱ्यावरचा रुंद फरसबंद पट्टा तिला नेमका मानवतो.

७. भोवऱ्यावरची आगगाडी

मग भोवऱ्यानं उभी राहणारी गाडी कधी नव्हतीच का? होती, आणि तिच्यात हिंदुस्थानचे पैसे होते.

लुई ब्रेनन या आयरिश-ऑस्ट्रेलियन अभियंत्यानं एका रुळावर चालणारी आगगाडी बनवली. आत उलटसुलट फिरणारी दोन जड चाकं. भोवरा फिरत असताना त्याला कलवू गेलं की तो त्याच बाजूला न कलता काटकोनात वळतो. त्या वळण्याचा जोर नीट वापरला, की तो अख्खा डबा सरळ धरतो. वायव्य सरहद्दीच्या डोंगराळ मुलखात अशी एकेरी रुळाची गाडी उपयोगी पडेल म्हणून लंडनच्या इंडिया ऑफिसनं पैसे दिले, काश्मीर दरबारनंही दिले. १० नोव्हेंबर १९०९ ला इंग्लंडमध्ये गिलिंगहॅमला बावीस टनांची गाडी माणसं घेऊन एका रुळावर फिरली, थांबली, आणि थांबल्यावरही उभी राहिली. चाललं सगळं ठीक, पण भोवरे बंद पडले तर काय, ही धास्ती गुंतवणारांच्या मनातून गेली नाही. सरहद्दीवर रूळ पडले नाहीत.

भोवऱ्याची ही युक्ती शेजारच्या दोन चाकांना लागत नाही, कारण ती गाडी पुढे-मागे पडते आणि चाकं पुढे-मागेच पळू शकतात. एकामागे एक चाकांची स्कूटर मात्र बाजूला पडते, आणि बाजूला तर चाक पळत नाही. चालताना हँडल कामाला येतं. थांबल्यावर एक तर भोवरा हवा किंवा हँडल बारीक बारीक हलवणारं यंत्र. होंडानं २०१७ मध्ये दुसऱ्या वाटेनं, भोवरा न वापरता, जागेवर उभी राहणारी मोटरसायकल दाखवली. आणि २०२३ च्या ऑटो एक्स्पोत मुंबईच्या ‘लायगर मोबिलिटी’नं थांबल्यावरही स्वतः तोल सांभाळणारी विजेची स्कूटर मांडली.

मला हिच्यात सेगवेपेक्षा जास्त दम वाटतो. जिला साडी सावरत सिग्नलला पाय टेकवायची भीती वाटते ती बाई, ज्याचा गुडघा दुखतो तो पेन्शनर, नुकताच शिकणारा पोरगा: यांना उभ्यानं वारा खायचा नसतो, त्यांना फक्त थांबताना पडायचं नसतं.

८. चढताना, उतरताना

लोक नुसते चालताना पडत नाहीत, चढताना-उतरतानाही पडतात.

चढण्याआधी गाडी सुरू आहे का ते बघा. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश २००३ च्या जूनमध्ये सेगवेवरून पडता पडता वाचले, तेव्हा ती सुरूच नव्हती; बंद सेगवे म्हणजे दोन चाकांवरची मोकळी फळी. दिवा लागलाय ना, मग दांडा सरळ उभा धरा. एक पाय फळीच्या मध्याशी ठेवा आणि दुसरा लगेच. एका पायावर रेंगाळू नका. त्या पायाची टाच-चवडा हीच तेव्हा गाडीला आज्ञा असते, आणि ती आज्ञा तुमच्याही नकळत दिली जाते.

उतरताना आधी पूर्ण थांबा. एक पाय मागे, थेट जमिनीवर. उडी मारायची नाही, पुढे उतरायचं नाही. दुसरा पाय निघेपर्यंत दांडा ओढायचा नाही, कारण दांडा ओढला की गाडी मागे येते, नेमकी तुमच्या नडगीवर.

हॉवरबोर्डला धरायला दांडा नाही, तेव्हा तिथं पहिल्या दिवशी भिंतीचा आधार घ्या. गुडघ्याला पट्टे बांधा, डोक्यावर हेल्मेट घाला आणि मनगटांना विसरू नका. पडताना माणूस हात पुढे टेकतो, म्हणून मनगट दुखावतं सगळ्यात आधी.